कापलेल्या दगडाने प्यायलेले तेल

नाशिकच्या आसपास विहीर खणताना किंवा खडी फोडताना काळ्या कातळात पोकळ्या लागतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, तेव्हा त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या जागा. पुढे झिरपत्या पाण्यातून त्यांत अकीक, गारगोटी, स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही खनिजे साचत गेली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे देखणे नमुने पाहायला मिळतात. अकीकातले पट्टे बघायचे तर मात्र दगड कापावा लागतो. मोठ्या दगडासाठी करवतीची हिऱ्याचे कण लावलेली चकती बहुधा खनिज तेलात फिरवतात. तेलाने चकती थंड राहते, घासण कमी होते आणि दगडाची पूड वाहून जाते.

अकीक काचेसारखा घट्ट दिसतो, पण तो गारगोटीच्या अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो आणि तंतूंच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. बाजारातला गडद निळा किंवा गुलाबी अकीक बहुतेक वेळा रंगवलेला असतो. रंग ज्या वाटेने आत शिरतो, त्याच वाटेने तेलही शिरते. असा तेलकट काप पुढे पॉलिशला त्रास देतो, त्यावर डिंक किंवा इपॉक्सी धरत नाही. सूक्ष्मदर्शकासाठी काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासायचा दगडाचा काप तर मधेच सुटून येतो.

काप करवतीतून निघाला की तो लगेच साबणाच्या पाण्यात टाकायचा मोह होतो. तो टाळावा. साबण वरवरचे तेल नेतो, छिद्रांतले तसेच राहते आणि उन्हात काप तापला की पुन्हा वर येते. म्हणून तेल आधी शोषून घ्यायचे, धुणे नंतर. काप पंधरा-वीस मिनिटे ट्रेवर उभे करून निथळू द्यावेत, जुन्या वर्तमानपत्राने पुसावेत आणि मुलतानी मातीत पुरावेत. खाली दोन-तीन सेंटिमीटरचा थर, वर तेवढाच, आणि काप एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. माती पूर्ण कोरडी हवी. लाकडाचा बारीक भुसाही चालतो, पण मातीचे कण त्याहून कितीतरी बारीक असतात आणि इथे तेच महत्त्वाचे आहे. छिद्र जितके अरुंद, तितकी केशाकर्षणाची, म्हणजे द्रव आपोआप आत खेचण्याची, ओढ जास्त. दगडाच्या भेगांपेक्षा मातीतल्या फटी अरुंद असल्या की तेल मातीकडे सरकते. अकीकाची छिद्रे स्वतःच फार अरुंद असल्याने खोलवर गेलेले तेल मात्र माती पूर्ण ओढू शकत नाही. म्हणूनच घाई करावी लागते: ताजे तेल अजून पृष्ठभागाजवळ असते.

एक दिवस ठेवून माती बदलावी आणि आणखी एक दिवस ठेवावे. नाशिकचे मार्च ते मेचे ऊन इथे कामी येते. ट्रे उन्हात ठेवला की तेल पातळ होते आणि लवकर ओढले जाते.

मग धुणे. पाच लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे, त्यात काप तासभर, मग जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू आणि कडा. उन्हातून आणलेला काप आधी सावलीत निवू द्यावा. एकदम पाण्यात टाकला तर जुन्या भेगेवर तडकतो. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साध्या साबणाची चिकट साय बसते, म्हणून लिक्विडच बरे. अनेकजण धुण्याचा सोडा टाकतात. त्याने तव्यावरचे गोडेतेल निघते, कारण वनस्पती तेलाचा सोड्याने साबण होतो. खनिज तेलाचा होत नाही. तिथे लिक्विडमधले रेणूच हवेत: एक टोक तेलात, दुसरे पाण्यात, आणि मध्ये तेलाचा थेंब पकडलेला.

रॉकेल सुचवणारेही भेटतील. रॉकेल तेल विरघळवते हे खरे, पण स्वतः छिद्रांत शिरून बसते. शिवाय त्याची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांनाच पेट घेऊ शकते, आणि मेमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे तापमान सहज होते.

स्टिल्बाइट, अपोफिलाइटसारख्या स्फटिकांचा दगड असेल, तर तेलाची करवत मुळात वापरूच नये, पाण्याची वापरावी. त्यांच्या रचनेत पाणी असते, तापवले की ते निघून जाते आणि स्फटिक धूसर होतात. लोमोंटाइट तर कोरड्या हवेत नुसता ठेवला तरी भुगा होऊ लागतो. अशा दगडाला ऊन नको आणि ॲसिडही नको.

धुतलेला काप सावलीत दिवसभर वाळवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ. गोळा होऊन उभा राहिला तर तेल अजून आहे. मग काप कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवावा. कागदावर पारदर्शक डाग उमटला, तर पुन्हा मातीत.

तेलाने भिजलेली माती आणि करवतीच्या तळाचा गाळ झाकणाच्या डब्यात, आगीपासून लांब ठेवावा. गाळ वाळू देऊ नये. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. त्याची बारीक पूड श्वासातून फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. जुने तेल गटारात ओतले की शेवटी गोदावरीत जाते. वापरलेले तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, त्यामुळे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.