इंदूरमध्ये वृद्धावस्था आणि कल्याणी पेन्शन: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

मोबाईलवर मराठीतून फिरणारी सरकारी योजनांची माहिती बहुतेक महाराष्ट्रातली असते. श्रावणबाळ, संजय गांधी निराधार, लाडकी बहीण यांपैकी काहीही इंदूरच्या रहिवाशाला लागू नाही. श्रावणबाळ या तिकडच्या वृद्धांच्या पेन्शनला वय ६५ लागतं. तेच वाचून इथलं कुणी ६५ पूर्ण होण्याची वाट पाहत बसलं, तर त्यांचं नुकसान होतं, कारण मध्य प्रदेशात गरीब घरातल्या माणसाला वृद्धावस्था पेन्शन ६० व्या वर्षापासून मिळू शकते. रक्कम महिना ६०० रुपये. पाच वर्षांचे ३६,००० होतात. औषधपाण्याला महाग असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही.

या पेन्शनसाठी वय ६० पूर्ण हवं, मध्य प्रदेशचं रहिवासी असायला हवं आणि नाव गरिबी रेषेच्या यादीत, म्हणजे बीपीएलमध्ये हवं. नाव यादीत नसेल तर आधी लोकसेवा केंद्रातून त्याचा अर्ज करावा. निर्णय तहसील कार्यालयात होतो.

पती गेलेल्या बाईंना इथे सरकारी कागदावर ‘कल्याणी’ म्हणतात. मुख्यमंत्री कल्याणी पेन्शनला वय १८ पुरे आणि बीपीएल कार्डाची अट नाही. मात्र बाई आयकर भरणाऱ्या, सरकारी नोकरीतल्या किंवा कुटुंब पेन्शन घेणाऱ्या नसाव्यात. घर बीपीएल असेल आणि गेलेला माणूस १८ ते ५९ वयाचा, घर चालवणारा असेल, तर राष्ट्रीय परिवार सहायता योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. दुःखाच्या दिवसांत हे कुणी सांगत नाही, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी आठवणीने सांगावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी, पुढचं सगळं त्या दाखल्यावर अवलंबून असतं. मृत्यू पुण्या-नागपुरात झाला असेल तर दाखला तिथूनच मिळतो, इंदूरची महापालिका तो देऊ शकत नाही.

आता समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक. मध्य प्रदेशात याच्याशिवाय पेन्शनचा अर्ज पुढे सरकत नाही. कुटुंबाचा क्रमांक ८ अंकी, प्रत्येक माणसाचा ९ अंकी. पेन्शनसाठी माणसाचा लागतो. त्याची आधारशी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, झालेली हवी, आणि आपल्या घरांत गाडं नेमकं इथे अडतं. लग्नात नाव बदललेलं: शाळेच्या दाखल्यावर कुसुम, आधारवर सुनंदा. आधारवर नावामध्ये पतीचं नाव, समग्रवर नुसतं नाव-आडनाव. कुठे काळे, कुठे काले. जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन. कागद तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. म्हणून आधी आधार नीट करा, मग त्याप्रमाणे समग्र, आणि बँकेचं खातं शेवटी. उलट क्रमाने गेलात तर तेच काम पुन्हा करावं लागेल.

मुलाकडे राहायला महाराष्ट्रातून आलेल्या आई-वडिलांचं आणखी एक. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे तिकडच्या कार्डावर इथे धान्य मिळू शकतं, पण पेन्शन तशी राज्य ओलांडत नाही. तिकडची सुरू असेल तर दोन्हीकडून घेता येणार नाही. श्रावणबाळचे महिना १,५०० मिळतात, तेव्हा घाईने नाव कापून घेण्याआधी घरात बसून विचार करा.

अर्जासोबत समग्र आयडी, आधार, बँक पासबुकाची प्रत, दोन फोटो, वयाचा पुरावा आणि वृद्धावस्था पेन्शनला बीपीएल कार्ड द्यावं. कल्याणी पेन्शनला पतीच्या मृत्यूचा दाखला. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत विचारून घ्या. मंजूर झालेली पेन्शन केवळ ही जोडणी नसल्यामुळे खात्यात येत नाही, असं होतं. खातं आजींच्या स्वतःच्या नावाचं असावं, मुलाच्या नव्हे.

अर्ज आपल्या वॉर्डाच्या झोनल कार्यालयात, म्हणजे इंदूर नगर निगमाच्या झोनवर करता येतो, किंवा राज्याच्या सामाजिक सुरक्षा पेन्शन पोर्टलवर ऑनलाइन. अर्ज हिंदीत असतो. वाचून दाखवायला घरातलं कुणी सोबत असावं, आणि नाव आधारवर आहे अक्षरशः तसंच लिहावं. पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. अर्ज क्रमांक नसेल तर पुढे तक्रार कशाच्या आधारावर करणार?

मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमी कायदा आहे, ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळणं हा त्याखालचा हक्क आहे. उत्तर आलं नाही तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला फोन करा, अर्ज क्रमांक सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तरीही हललं नाही तर मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे पावतीची प्रत आणि एका पानाचा साधा अर्ज द्या, मूळ कागद देऊ नका. पेन्शन सुरू झाल्यावरही पडताळणी होत राहते, तेव्हा मोबाईल नंबर बदलला तर समग्रमध्येही बदला.