स्टोअर्ड प्रोसिजर ‘आधीच कंपाइल’ झालेली असते का?

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन साठवलेल्या क्वेरी. ‘प्रोसिजर आधीच कंपाइल झालेली (चालवायला तयार रूपात बदललेली) असते, म्हणून साध्या क्वेरीपेक्षा वेगवान,’ हे इंटरव्ह्यूत आजही छातीठोकपणे सांगतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरपुरतं तरी १९९८च्या ७.० आवृत्तीपासून हे खरं नाही.

खात्री करायचीय? अस्तित्वातच नसलेल्या टेबलाचं नाव घालून प्रोसिजर बनवा. बिनतक्रार बनते! एरर २०८ (असं टेबल सापडत नाही) येते ती चालवल्यावर. बनवताना मुख्यतः सिंटॅक्सच तपासला जातो. प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा, पहिल्या कॉलला तयार होतो आणि मेमरीतल्या कॅशमध्ये राहतो. पॅरामीटर लावलेल्या साध्या क्वेरीचंही तेच.

खरी डोकेदुखी पुढे आहे. पहिल्या कॉलला आलेल्या पॅरामीटरवर प्लॅन बेतला जातो. दहा ऑर्डरवाल्या ग्राहकासाठी बनलेला प्लॅन मग दहा लाखवाल्याच्या गळ्यात पडतो. ‘अ‍ॅपमध्ये रखडते, मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरी चालवायच्या टूलमध्ये) पळते’ हे कोडंही बहुतेकदा इथलंच: स्टुडिओत अरिथअबॉर्ट (गणिती चूक झाली की क्वेरी थांबवणारी सेटिंग) ऑन, अ‍ॅपच्या कनेक्शनला सहसा ऑफ; सेटिंग वेगळी म्हणून कॅशमध्ये दोघांचे प्लॅनही वेगळे. डीबग करताना आधी स्टुडिओतलं अरिथअबॉर्ट ऑफ करा, नाहीतर भलताच प्लॅन तपासत बसाल.

अपवाद एकच: २०१४पासून आलेल्या इन-मेमरी (मेमरीतच ठेवलेल्या) टेबलांच्या नेटिव्ह, म्हणजे थेट मशीन कोडमध्ये बदलणाऱ्या, प्रोसिजर. त्या बनवतानाच खरोखर कंपाइल होतात.