नाथसागराच्या काठी बॅटरी भरताना

पक्षी बघायचे तर होडीला पेट्रोलचं इंजिन नको, हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. फटफट सुरू झाली की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) लांबूनच उडतात. तेव्हापासून आमच्या होडीला 12 व्होल्टची मोटर आहे आणि घरी इन्व्हर्टरला असते तशी 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी. पंचाईत एवढीच, की जायकवाडीच्या फुगवट्याकाठी तंबू ठोकला की लाइट नाही. 1976 साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचं वीजघर आहे आणि आम्ही काठावर बॅटरी घेऊन बसलेले!

सकाळ-संध्याकाळ मिळून तीनेक तास सावकाश फिरलं तर साधारण 40 अँपिअर-तास खर्च होतात. ते त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी परत भरायला हवेत. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असेपर्यंत ते चार्जिंगने परत विरघळतं. आठवडाभर तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी बॅटरी कायमची गेली.

"गाडीला लाव की," असं सगळेच म्हणतात. आम्हीही लावली होती. दोन तास इंजिन चालू ठेवलं, डिझेल गेलं, बॅटरी जवळपास होती तिथंच. दोष वायरीचा होता. गाडीचा अल्टरनेटर 14.2 व्होल्ट देतो. आमची वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, गाडीपासून होडीपर्यंत 5 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. त्यातून 20 अँपिअर न्यायचे तर 1.4 व्होल्ट वायरच खाते. बॅटरीपाशी उरतात 12.8, आणि एवढ्याशा दाबाने ती काही घेत नाही. प्रवाह आपोआप आटतो. पाच एचपीच्या मोटरीला ठिबकची नळी जोडण्यातलाच हा प्रकार. वायर जाड घ्यावी, नाहीतर गाडीच होडीजवळ आणावी.

पण जाड वायरीनेही शेवटचा टप्पा लवकर होत नाही. ज्वारीचं पोतं भरताना आधी दाणे धो धो पडतात, तोंडाशी आलं की हलवून, आपटून, थोडं थोडं भरावं लागतं. शिसे-आम्ल बॅटरीचंही तसंच: साधारण 80 टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, पुढचे 20 टक्के भरायला कितीतरी तास. तेवढ्यासाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवणं म्हणजे डिझेलची नासाडी.

इथे ऊन कामाला येतं. 100 वॅटचं पॅनेल प्रत्यक्षात 70-75 वॅट देतं, बॅटरीत 5 अँपिअर जातात. पाच तासांच्या चांगल्या उन्हात 25 अँपिअर-तास. चार्जिंगमधली घट धरून आमचा 40 चा हिशेब दोन पॅनेलांत जेमतेम बसतो. ढग आले, की सकाळी तासभर जाड वायरीने गाडीवर आणि मग दिवसभर उन्हावर ठेवतो. मधे चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी भरली की प्रवाह आवरणारी डबी, लागतोच, नाहीतर बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडून जातं.

पॅनेल होडीच्या टपावर आडवं टाकू नये. डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो. आडव्या पॅनेलला तेव्हा तिरप्याच्या पाऊण हिश्श्याहून थोडं कमीच ऊन मिळतं. दक्षिणेकडे तोंड करून दगडाला टेकवलं की झालं. बाभळीची सावली मात्र नको. पॅनेलमधल्या चकत्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्यामुळे एका फांदीची सावलीही पॅनेलचा मोठा भाग बसवते. एप्रिलमध्ये उलटं दुखणं: ऊन भरपूर, पण तापलेल्या पॅनेलचं उत्पादन 25 अंशांपुढे दर अंशाला सुमारे 0.4 टक्के घटतं. 65 अंशांना 16 टक्के गेले. म्हणून पॅनेलच्या खालून वारा खेळू द्यायचा.

बॅटरी किती खर्च होते, ती बाजूही बघायला हवी. पाण्यात वेग दुप्पट करायला ढोबळमानाने आठपट शक्ती लागते. आमच्याबरोबरचे भोईदादा मोटरीचा कान कधीच अर्ध्यापुढे पिळत नाहीत; गणित न मांडता.

आणि बॅटरी रात्री तंबूत घेऊ नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि बंद तंबूत पेटलेली एक काडी पुरते. आमची बाहेरच असते, पालथ्या घमेल्याखाली, दोन दगडांवर टेकवलेल्या.