पेलाभर चालतो, लिटरभर नाही

दूध वाढावं म्हणून बाळंतिणी ज्यांचा चहा करून पितात, ती बाळंतशेपा, बडीशेप, ओवा, मेथी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सुटी मिळतात. सुटं बी डोळ्यांना दिसतं, वासाने ओळखता येतं. मॉलमधल्या 'हर्बल टी'च्या पुडीत मात्र सात-आठ वनस्पतींची भुकटी एकत्र असते, आणि कोणती किती हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. स्तनपान करणाऱ्या आईची खरी अडचण इथे आहे.

1994 साली इटलीतल्या डॉक्टरांनी दोन नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बाळं मलूल, दूध ओढेनात. त्यांच्या आया दूध वाढावं म्हणून ज्येष्ठमध, बडीशेप वगैरेंचा मिश्र चहा रोज दोन लिटरहून जास्त पीत होत्या. चहा बंद झाला, बाळं सावरली.

तेव्हा माप पाळा. दीडशे मिली उकळत्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर, म्हणजे साधारण 2 ग्रॅम, बाळंतशेपा किंवा बडीशेप भरड कुटून टाका, दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. खळखळ उकळत ठेवलं तर सुगंधी तेल वाफेबरोबर जातं. दिवसाला असे एक-दोन कप पुरेत. त्याने दूध वाढतंच, याचा पुरावा तोकडा आहे. पान्हा वाढतो तो मुख्यतः बाळाने वरचेवर ओढल्यामुळे. चव आवडते म्हणून प्यायला काहीच हरकत नाही.

मेथीने रक्तातली साखर उतरू शकते. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. शेंगदाणा, हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीही त्रास देऊ शकते. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. वजन उतरवणाऱ्या चहात बऱ्याचदा सोनामुखी असते, ती रेचक. तो चहा या काळात नकोच. ग्रीन टी तर हर्बल नाहीच, तो कॅफीनवाला साधा चहाच. दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा आईसाठी सांगितली जाते, त्यात आपला दुधाचा चहाही मोजायचा. मोठ्यांच्या शरीरातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांत जातं, नवजाताला त्यासाठी तीन-चार दिवस लागतात. म्हणून आईच्या दुधातून आलेल्या कॅफीनने बाळ चिडचिडं होतं, झोपत नाही.

आणि बाळंतशेपा-बडीशेपेचं हे पाणी बाळाला चमच्याने पाजू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. विशेषतः चक्रफुलाचं: त्यात त्याचा विषारी जपानी भाऊबंद मिसळलेला निघाला आहे, आणि त्याने तान्ह्यांना झटके आलेले आहेत.

नवी वनस्पती एका वेळी एकच सुरू करा. बाळ पेंगुळलं, ओढेनासं झालं किंवा पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले करू लागलं, तर चहा थांबवून पाकिटासकट डॉक्टरांकडे जा.