बॉल पायथन, ॲक्सोलॉटल, टॅरंट्युला सीमेपार न्यायचाय? साइटीस परवान्याचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

बॉल पायथन हा साप नीट सांभाळला तर तीस वर्षं जगतो. मेक्सिकन रेडनी या टॅरंट्युलाची (मोठ्या केसाळ कोळ्याची) मादी वीस वर्षं सहज काढते. तितकीच वर्षं त्यांची कागदपत्रंही जपावी लागतात. बहुतेकांची गडबड होते ती इथेच: आधी प्राणी घरात येतो, मग कागदांची शोधाशोध सुरू होते. साइटीसमध्ये हा क्रम चालत नाही. खोका सीमा ओलांडण्यापूर्वी परवाना हातात हवा. मागाहून परवाना मिळण्याचे अपवाद फार थोडे, त्यांच्या भरवशावर राहू नका.

साइटीस म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा करार. तो 1973 साली झाला आणि 1975 पासून लागू आहे. 180 हून अधिक देश त्यात आहेत. प्रजाती तीन परिशिष्टांत विभागल्या आहेत आणि तुम्हाला कोणता अर्ज लागेल ते त्यावरूनच ठरतं. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा सॅलॅमँडर), बरेचसे विषारी डार्ट बेडूक आणि ब्रॅकिपेल्मा व पोसिलोथेरिया वंशाचे टॅरंट्युला दुसऱ्या परिशिष्टात येतात. त्यांच्यासाठी निघत्या देशाचा निर्यात परवाना लागतो. काही देश स्वतःच्या कायद्याने आयात परवानाही मागतात. स्टार कासव 2019 मध्ये दुसऱ्यातून पहिल्या परिशिष्टात गेलं. तिथे दोन्ही परवाने लागतात, आणि आधी आयातीचा, मग निर्यातीचा. आयात मुख्यतः व्यापारासाठी असेल तर परवाना नाही. शिवाय प्राणी ठेवायला तुमच्याकडे योग्य जागा आणि सोय आहे का, हेही तपासलं जातं. ही अट सगळ्याच प्रजातींना असायला हवी होती, असं मला वाटतं. तिसऱ्या परिशिष्टात एखाद्या देशाने स्वतःहून घातलेल्या प्रजाती असतात. कॉर्न स्नेकसारखे काही प्राणी कुठल्याच परिशिष्टात नाहीत, पण म्हणून ते कुठेही नेता येतात असं नाही.

अर्ज त्या त्या देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे साइटीसचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे करायचा. निर्यातीने जंगलातल्या संख्येला धोका नाही ना, हे वैज्ञानिक प्राधिकरण पाहतं. सोबत ओळखपत्र, प्राणी कुठून घेतला त्याची पावती किंवा ब्रीडरचं पत्र, प्राण्याचे फोटो, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक आणि वाहतुकीची माहिती जोडा. देशागणिक यादी थोडी बदलते.

अर्जातला सर्वांत नाजूक रकाना शास्त्रीय नावाचा. रेडनी घ्या. पाळणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी' म्हणून असलेले बरेचसे टॅरंट्युला प्रत्यक्षात 'ब्रॅकिपेल्मा हॅमोरी' असल्याचं 2017 मध्ये स्पष्ट झालं. जुन्या पावतीवर एक नाव, नव्या अर्जावर दुसरं, की अर्ज परत आलाच म्हणून समजा. दुकानदार सांगतो ते नाव तर अजिबात लिहू नका. 'स्पीशीज प्लस' या संकेतस्थळावर प्रजाती शोधा आणि नावात फरक असेल तर तो अर्जात स्वतःहून सांगा.

दुसरा नाजूक रकाना म्हणजे उगमाचं अक्षर. 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातून पकडलेला, 'सी' म्हणजे बंदिस्त प्रजननातून आलेला. अंडं काचेच्या पेटीत फुटलं म्हणून 'सी' लागत नाही. आईबापांचं मीलनही बंदिस्त जागेतच व्हावं लागतं आणि प्रजननासाठी ठेवलेला तो प्राण्यांचा साठा दुसरी पिढी देणारा असावा लागतो. जंगलातल्या अंड्यांतून वाढवलेल्या पिल्लांना 'आर' लागतं. ब्रीडरला आईबापांची नोंद मागा. तो टाळाटाळ करू लागला तर प्राणी घेऊ नका.

निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो, आयातीचा बारा महिने. एका खेपेला एक परवाना. निघताना विमानतळावर अधिकारी प्रत्यक्ष संख्या नोंदवून शिक्का मारतो. तो रकाना कोरा राहिला तर उतरल्यावर माल अडतो, म्हणून तिथेच उभं राहून कागद बघून घ्या. खोक्यासाठी आयाटाचे (आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे) जिवंत प्राण्यांचे नियम पाळावे लागतात.

साइटीसचा परवाना म्हणजे पाळण्याची परवानगी नव्हे. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियात परदेशी साप खासगीत पाळायला मनाई आहे. पशुवैद्यकीय दाखला आणि स्थानिक परवाना वेगळे काढा. आणि अर्जापूर्वी स्वतःलाही विचारा: ॲक्सोलॉटलचं पाणी वर्षभर थंड ठेवता येईल का? पायथनने महिनोन्महिने अन्न नाकारलं तर धीर राहील का? घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला हा रोगजंतू पसरतो, हे लक्षात घ्या.

वारंवार ये-जा असेल तर 'मालकी प्रमाणपत्र' बघा. ते एका प्राण्यासाठी असतं, जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं आणि मुदतीच्या आत प्राणी मायदेशी परत आणावा लागतो. प्राणी विकला किंवा मेला, तर प्रमाणपत्र लगेच परत करायचं.