‘कॉम्पॅक्ट’ दुर्बीण: २५ की ३२?

लोलकाची दुर्बीण १८५४ च्या एका इटालियन पेटंटातून निघाली आणि १८९४ मध्ये जर्मनीत विक्रीला आली. नळी सरळ ठेवणारा रूफ लोलकही विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आला. त्याची खोड वेगळी होती. छपरासारख्या दोन उतारांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींशी जुळत नसत आणि चित्रातला बारकावा पुसट होई. १९८८ मध्ये त्यावर फेज कोटिंगचा, म्हणजे लोलकावर चढवलेल्या पातळ थराचा, उपाय आला. लहानशा सरळ दुर्बिणीतून पर्णवटवट्या या चिमुकल्या पक्ष्याची फिकट भुवई स्पष्ट दिसते, त्यात या थराचा वाटा मोठा आहे.

घोळ आहे तो ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाचा. आधी तो खिशात मावणाऱ्या, दोन बिजागऱ्यांवर दुमडणाऱ्या ८×२० किंवा ८×२५ दुर्बिणीला लावत (पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे किती पट मोठं दिसतं त्याचा; दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिमीमध्ये). पक्षीनिरीक्षकांत ४२ मिमीची दुर्बीण रुळली, तशी तिच्याशेजारी ८×३२ सुद्धा ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून विकली जाऊ लागली. म्हणजे साधारण ३०० ग्रॅम आणि साधारण ५५० ग्रॅम, दोन्हींना नाव एकच. शिवाय प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×२५ मध्ये ती ३.१ मिमी, ८×३२ मध्ये ४, ८×४२ मध्ये ५.२५. भिगवणला लख्ख उन्हात डोळ्याची बाहुली २-३ मिमीपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे तिथे तिन्ही जवळपास सारख्याच उजळ वाटतात. कर्नाळ्याच्या झाडीत पहाटे बाहुली मोठी होते आणि २५ ची दुर्बीण काळोखी पडते. बारीक झोत डोळ्यासमोर नेमका धरावाही लागतो. चढावर धाप लागलेली असताना कडेने काळी सावली येत राहते आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो.

१०×२५ मध्ये झोत २.५ मिमीच उरतो आणि हाताचा कंपही जास्त दिसतो. ‘दहा पट’ या आकड्यावर भुलून नवशिके तीच उचलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ट्रेकर्सचं म्हणणंही रास्त आहे. दोर, पाणी, डबा घेऊन कडा चढताना गळ्यातले अडीचशे ग्रॅम जाणवतात. तरीही पक्षी हेच मुख्य काम असेल, तर मी ८×३२ च सुचवेन.

नंतरच्या काळात नायट्रोजन भरलेल्या, पाणी आत न शिरणाऱ्या नळ्या मध्यम किमतीतही मिळू लागल्या. सह्याद्रीत याचं मोल फार. पूर्वीच्या उघड्या सांध्यांच्या दुर्बिणींत पावसाळ्यातला दमटपणा शिरे, आतून काच धुरकटे आणि मग बुरशीचे धागे पसरत.