नेपच्यून सापडला, व्हल्कन नाही

विश्व गणिताच्या हुकमावर चालतं की गणित फक्त त्याची चाल टिपतं, हा वाद ग्रीकांपासूनचा. त्याला खरी धार चढली ती 19व्या शतकात, दोन ग्रहांमुळे. त्यांतला एक अस्तित्वातच नव्हता.

युरेनस हिशेबाच्या वाटेवरून ढळत होता. एका फ्रेंच गणितज्ञाने पलीकडच्या अज्ञात ग्रहाची जागा कागदावर काढली आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. गोष्ट सहसा इथेच संपवली जाते, आणि ते बरोबर नाही.

1859 मध्ये त्याच गणितज्ञाने बुध हाती घेतला. बुधाचा उपसूर्यबिंदू, म्हणजे त्याच्या कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, हिशेबापेक्षा शतकाला 38 विकला जास्त सरकत होता. 1882 मध्ये हा आकडा 43 ठरला. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. एवढ्याशा फरकासाठी सूत्र बदलायचं, की आकाशात आणखी काही आहे असं मानायचं? त्याने दुसरी वाट धरली. एका गावच्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं आणि ‘व्हल्कन’ असं बारसंही झालं. ग्रहणामागून ग्रहणं पालथी घातली, 1878 मध्ये तो दिसल्याचे दावे झाले. ग्रह नव्हताच.

मग 1894 मध्ये एका अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने सूत्रालाच हात घातला. गुरुत्वाकर्षणात अंतराचा घातांक 2 असतो, तो 2.00000016 केला की बुध हिशेबात बसे. माझ्या मते साऱ्या वादात हीच जागा सर्वांत बोलकी आहे. निरीक्षणाला जुळेल असा हवा तेवढा सरकवता येणारा आकडा विश्वाचा हुकूम कसा म्हणायचा? पुढे चंद्राच्या गतीशी त्याचा मेळ बसेना, तेव्हा तो सोडून द्यावा लागला.

नोव्हेंबर 1915 मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धांतातून त्याच 43 विकला निघाल्या, कुठलाही आकडा न सरकवता. त्यासाठी लागलेली वक्र अवकाशाची भूमिती 1854 पासून तयार होती. 1928 च्या एका समीकरणात लपलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार कण, 1932 मध्ये प्रत्यक्ष मिळाला. गणित नुसतं वर्णन करतं म्हणणाऱ्यांची इथे अडचण होते, हे मान्य करायलाच हवं.

1970 च्या दशकात दीर्घिकांच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा वेगाने फिरताना आढळले आणि 1859 चाच पेच पुन्हा उभा राहिला. बहुतेकांनी न दिसणारं कृष्णद्रव्य मानलं. 1983 मध्ये सूत्र बदलण्याचाही प्रस्ताव आला. आज पुराव्याचं पारडं कृष्णद्रव्याकडे झुकतं, पण त्याचा कण अजून कुठल्याही प्रयोगशाळेच्या हाती लागलेला नाही.